झोपलेल्या बोर्डाला उठवणारी तार कोणती? वेकअप इंटरप्टची नोंद लिहायला शिकताना

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून, आम्ही एक छोटा डबा बसवला होता. बॅटरीवर चालणारा. टाकीतलं पाणी खाली गेलं की त्याने जागं व्हायचं, सेक्रेटरींच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा आणि परत झोपायचं. म्हणजे टँकर वेळेत सांगता येतो. ऑफिसच्या टेबलावर सगळं छान चाललं होतं. गच्चीवर गेल्यावर पहिल्याच रात्री टाकी रिकामी झाली आणि डबा ढाराढूर. सकाळी सहाला सेक्रेटरींचा फोन आला, "मॅडम, मेसेजचं राहू द्या, दात घासायलाही पाणी नाहीये."

दोष शोधायला दोन दिवस गेले. ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) बरोबर होता, सोल्डरिंगही बरोबर होतं. सेन्सरच्या चिपला इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरला "इकडे बघ" असा इशारा देणाऱ्या, दोन पिना होत्या. एक नेहमीची, नवीन आकडा तयार झाला की हलणारी. दुसरी फक्त पातळी मर्यादेखाली गेली की हलणारी. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने पहिली तार उठवणारी धरली, बोर्ड करणाऱ्याने दुसरी. दोघांनीही डॉक्युमेंट उघडून पाहिलं होतं. त्यात एवढंच होतं: "इंटरप्ट: एक किंवा दोन." ती ओळ मीच लिहिली होती.

महापे, रबाळे, घणसोलीकडच्या कंपन्यांत दरवर्षी नवी मुलंमुली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, कामाला लागतात आणि पहिलं काम म्हणून त्यांच्या हातात बहुतेक वेळा हेच येतं: "या चिपचं बाइंडिंग लिहून टाक, सोपं आहे." डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल, आणि बाइंडिंग म्हणजे तिच्यात त्या चिपबद्दल काय काय लिहिता येतं याचा करारनामा. त्यातला झोपेतून उठवणाऱ्या इंटरप्टचा भाग कसा लिहायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. नावं मी फोनवर सांगावीत तशी देवनागरीत देतेय. फाइलीत ती बहुतेक छोट्या रोमन अक्षरांत जातात. प्रॉपर्टीच्या नावात मधे डॅश, फंक्शनच्या नावात अंडरस्कोअर.

लिहिण्याआधी: झोपताना नेमकं काय बंद होतं

सस्पेंड म्हटलं की नवख्या माणसाच्या डोळ्यासमोर एकच स्विच येतो. पण झोपेचे प्रकार आहेत. एस-टू-आयडल ही डुलकी: प्रोसेसर रिकामा बसलेला असतो, मुख्य इंटरप्ट कंट्रोलरला (सगळ्या इंटरप्टच्या तारा ऐकणाऱ्या भागाला) वीज चालू असते, त्यामुळे जवळपास कुठलीही तार त्याला हलवू शकते. डीप म्हणजे गाढ झोप: रॅम तेवढी जपली जाते, बाकी बराचसा भाग बंद. तिथे मुख्य इंटरप्ट कंट्रोलर स्वतःच झोपलेला असतो. त्याच्याकडे येणाऱ्या तारेने कितीही धडपड केली तरी ऐकायला कोणी नाही. फक्त कायम वीज असलेल्या छोट्याशा भागाकडे गेलेल्या तारा तेव्हा कामाच्या.

टेबलावर आमचा डबा का उठत होता याचं उत्तर इथेच आहे. तिथे आम्ही डुलकीवर टेस्ट केली होती.

कर्नल आपल्या बाजूनेही काही करतो. सस्पेंडच्या वाटेवर तो डिव्हाइसचे इंटरप्ट एकेक करून बंद करतो. ड्रायव्हरने एनेबल_आयआरक्यू_वेक म्हणून ज्यांना "ही तार उठवणारी" असं सांगून ठेवलंय, ते वेगळे धरले जातात. अशा तारेवर हालचाल झाली की आधी यंत्रणा उठते आणि ड्रायव्हरचा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) नंतर, सगळं ताळ्यावर आल्यावर चालतो. आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड (हे मोठ्या अक्षरांत) नावाचा एक झेंडाही, म्हणजे फ्लॅगही, दिसेल. तो उठवण्यासाठी नाही. तो टायमरसारख्या, सस्पेंडच्या मधल्या वेळातही चालू राहावं लागणाऱ्या गोष्टींसाठी आहे. "उठत नाहीये ना, मग नो-सस्पेंड लाव" हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका.

पायरी १: सर्किटचा कागद घेऊन बसा, ड्रायव्हरची फाइल बंद करा

ही पायरी सगळ्यांत मोठी. लोक हीच गाळतात.

बाइंडिंग हार्डवेअरचं वर्णन करतं, ड्रायव्हरचं नाही. ड्रायव्हर उद्या बदलेल, तार बदलणार नाही. म्हणून पहिला प्रश्न "कोडमध्ये काय आहे" हा नको. "चिपची ही पिन कुठे जाते" हा विचारा. डेटाशीट (चिपची माहितीपुस्तिका) आणि स्कीमॅटिक (सर्किटचा कागद) शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक इंटरप्ट पिनेसाठी चार गोष्टी वहीत लिहा: पिनेचं डेटाशीटमधलं नाव, ती कशामुळे हलते, ती कुठल्या कंट्रोलरकडे जाते, आणि झोपेत त्या दोन्ही टोकांना वीज असते का.

चौथी गोष्ट कागदावरून ओळखता येतेच असं नाही. आमच्या दुसऱ्या बोर्डाची गंमत सांगते. तो झोपायचा आणि लगेच, सेकंदभरात, उठायचा. पाणी भरलेलं, सेन्सर शांत, तरीही. आमच्या हार्डवेअरच्या सरांनी मल्टिमीटर आणला, काळी प्रोब ग्राउंडला, लाल त्या तारेवर आणि म्हणाले, "आता झोपव त्याला." जागेपणी मीटरवर १.८ व्होल्ट दिसत होते. झोपवलं तसे आकडे घसरत घसरत शून्यावर आले. तार वर ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर ज्या वीजवाहिनीला जोडला होता, तीच सस्पेंडमध्ये बंद होत होती. तार खाली आली की इंटरप्ट, असा आमचा हिशेब. म्हणजे झोपणं हेच उठण्याचं कारण झालं होतं!

सर काही बोलले नाहीत. रेझिस्टरचं एक टोक उचलून त्यांनी कायम चालू असलेल्या वाहिनीला तारेचा तुकडा लावला आणि चहा प्यायला गेले.

तेव्हापासून मी बाइंडिंगमधल्या उठवणाऱ्या इंटरप्टच्या वर्णनात एक वाक्य घालतेच: चिपची ही पिन ओपन-ड्रेन (तार फक्त खाली ओढू शकणारी) आहे का, आणि असेल तर बाहेरचा पुल-अप झोपेतही वीज असलेल्या ठिकाणी हवा. डेटाशीटमध्ये असतं ते, पण चाळिसाव्या पानावर.

पायरी २: तार एकच की दोन, ते ठरवा

ट्रान्स-हार्बर लोकलने रोज ठाण्याहून येताना बसायला जागा मिळाली की माझा डोळा लागतो. कधी "पुढील स्टेशन घणसोली" ही घोषणाच मला उठवते. तीच घोषणा जागी असतानाही मी ऐकत असते. पण डब्यातला स्पीकर बंद असला तर शेजारच्या ताईंना सांगून ठेवावं लागतं, "घणसोली आलं की हलवा हं." जागेपणी त्यांचं माझ्याशी काही काम नसतं.

चिपांचंही असंच आहे. काहींत नेहमीचा इंटरप्टच उठवतो. काहींत उठवायला वेगळी तार असते, आणि ती बहुतेक वेळा वेगळ्या कंट्रोलरकडे जाते.

पहिल्या प्रकारात फार लिहायचं नसतं. वेकअप-सोर्स ही प्रॉपर्टी चालते एवढं बाइंडिंगमध्ये नोंदवा. तिला किंमत (व्हॅल्यू) नसते. नोडमध्ये, म्हणजे डिव्हाइस ट्रीतल्या त्या चिपच्या नोंदीत, ती आहे किंवा नाही, एवढंच. स्कीमामध्ये (बाइंडिंगचे नियम लिहिलेल्या यॅमल फाइलीत) तिच्यापुढे नुसतं "ट्रू" येतं.

दुसऱ्या प्रकारात वेकअप-सोर्सच्या जोडीला इंटरप्ट-नेम्स हवंच. कर्नलचा नियम असा: इंटरप्टना नावं नसतील तर कुठला उठवणारा ते ज्या-त्या डिव्हाइसने ठरवावं, पण उठवायला वेगळा इंटरप्ट राखलेला असेल, तर तो नावाने ओळखता आला पाहिजे आणि मग उठवायचा हक्क फक्त त्याचा. आमच्या गच्चीवरच्या डब्यात नेमकं हे नाव नव्हतं.

नाव काय द्यायचं? सरळ "वेकअप". यात हौस नको. आय-टू-सी (चिपा जोडायची दोन तारांची पद्धत) वरच्या डिव्हाइसच्या बाबतीत तर कर्नलचा आय-टू-सीचा गाभाच नोडमध्ये वेकअप-सोर्स दिसलं की "वेकअप" या नेमक्या नावाचा इंटरप्ट शोधतो, सापडला की राखीव उठवणारा म्हणून जोडून देतो, आणि नाही सापडला तर नेहमीच्याच इंटरप्टला ते काम देतो. ड्रायव्हरमध्ये एक ओळ लिहावी लागत नाही. "वेक_अलर्ट" किंवा "डब्ल्यूकेयूपी" असं काही ठेवलंत की हे फुकटचं काम गेलं.

जुनी घराणी वेगळी नावं वापरतात, ती वाचताना गोंधळू नका. डिझाइनवेअरच्या इथरनेट मॅकमध्ये ते ईटीएच_वेक_आयआरक्यू आहे, मीडियाटेकच्या एसडी-एमएमसी कंट्रोलरमध्ये एसडीआयओ_वेकअप. क्वालकॉमच्या जेनी सीरियल पोर्टमध्ये मात्र जोडी साधी आहे, "युआर्ट" आणि "वेकअप", आणि दुसरी म्हणजे आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनेवरचीच जीपीआयओ, म्हणजे साध्या वापराची, तार. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने हे बाइंडिंग समोर ठेवून लिहावं. मीडियाटेकचं वाचायला जास्त मजेशीर आहे, कारण तिथे डेटा-एक ही एकच पिन जागेपणी कार्डाचं काम करते आणि झोपताना तिला वेगळ्या पिनकंट्रोल अवस्थेत (पिनेचं काम बदलणाऱ्या सेटिंगमध्ये) टाकून इंटरप्टची तार बनवतात. तेही त्यांनी बाइंडिंगमध्ये नोंदवलंय.

पायरी ३: क्रम लिहा, आणि मग त्याला हात लावू नका

इंटरप्टचा क्रम हा करार असतो. नेहमीचा पहिला, उठवणारा दुसरा. बाइंडिंग आधीपासून असेल आणि त्यात एकच इंटरप्ट असेल, तर नवा शेपटीला जोडायचा. मधे किंवा पुढे कधीच नाही. बाजारात गेलेल्या बोर्डांवर जुनी डिव्हाइस ट्री आहे, तिच्यासकट नवा कर्नल चालला पाहिजे. म्हणून कमीत कमी संख्या, मिनआयटम्स (डॅश नाही, मधला आय मोठा), एकच ठेवायची, म्हणजे दुसरी तार न जोडलेला बोर्डही नियमात बसतो.

इथे मी एक सवय लावून घेतलीय. इंग्रजीत लिहिण्याआधी दोन ओळी मराठीत लिहायच्या, शेजारच्या टेबलावरच्याला सांगितल्यासारख्या:

"पहिला: इंट पिन. नवीन मोजणी तयार झाली की क्षणभर खाली जाते आणि लगेच वर येते."

"दुसरा: अलर्ट पिन. पातळी ठरवलेल्या मर्यादेखाली असेपर्यंत खाली राहते. मुख्य वीज बंद असतानाही चालते. उठवण्यासाठी."

मराठीत हे सांगता आलं नाही, तर तुम्हाला ते अजून कळलेलं नाही. इंग्रजीत "इंटरप्ट फॉर वेकअप" असं लिहून वेळ मारून नेता येते. हे वर्णन वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. नाव "वेकअप" आहे हे त्याला दिसतंच आहे. तार कशामुळे हलते, ते लिहा.

"खाली राहते" आणि "खाली जाते" यातला फरकही मुद्दाम पाहा. राहते म्हणजे लेव्हल, जाते म्हणजे एज. डिव्हाइस ट्रीत हे आकड्यांनी येतं: चढती कडा १, उतरती कडा २, दोन्ही ३, वरची पातळी ४, खालची पातळी ८. काही वेकअप कंट्रोलरना झोपेत कडाच ओळखता येते, पातळी नाही. तो मात्र बोर्डाचा प्रश्न, चिपचा नाही. म्हणून बाइंडिंगमध्ये चिपची वागणूक लिहायची, आकडा बोर्डाच्या फाइलीत.

पायरी ४: उदाहरण असं द्या की ते चिकटवलं तरी चालेल

खरं सांगायचं तर वर्णन फार थोडे वाचतात, उदाहरण सगळे उचलतात. तेव्हा त्यात दोन तारांचा प्रकारच दाखवा, सोपा नको.

दोन तारा दोन वेगळ्या कंट्रोलरकडे जात असतील तर इंटरप्ट्स ही साधी प्रॉपर्टी पुरत नाही, कारण तिचा पालक (तार ज्याच्याकडे जाते तो कंट्रोलर) एकच असतो. तिथे इंटरप्ट्स-एक्स्टेंडेड लागतं. त्यात प्रत्येक इंटरप्टच्या आधी त्याच्या पालकाचं नाव येतं. मग इंटरप्ट-नेम्समध्ये त्याच क्रमाने दोन नावं, आणि शेवटी वेकअप-सोर्स. स्कीमामध्ये मात्र इंटरप्ट्सचंच वर्णन करायचं, एक्स्टेंडेडचं वेगळं नाही; तपासणारं साधन ते समजून घेतं.

उदाहरण खरोखर कंपाइल होतं, हे लक्षात असू द्या. ८ च्या जागी खालच्या पातळीचं नाव वापरलं असेल तर त्या नावांची हेडर फाइल वर हवी. आय-टू-सी च्या नोडमध्ये पत्त्याचे सेल १ आणि आकाराचे ० लिहायचे राहिले तरी आरडाओरड होते. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच हव्यात.

जुन्या फाइलींतून उचलाउचल करताना एक सापळा आहे: "लिनक्स,वेकअप", "जीपीआयओ-की,वेकअप" अशा प्रॉपर्टी दिसतील. त्या जुन्या बोर्डांसाठी सांभाळलेल्या आहेत. नवीन काही लिहिताना वेकअप-सोर्सच.

पायरी ५: क्षमता लिहा, मर्जी लिहू नका

डबा दुरुस्त झाल्यावर सेक्रेटरींची नवी तक्रार आली. टाकी रात्री अडीचला खाली जाते, फोन वाजतो, घरचे वैतागतात. रात्री उठवू नका.

आमच्याकडच्या एका ट्रेनीने लगेच सुचवलं, "ताई, वेकअप-सोर्स काढून टाकू का?" नाही. वेकअप-सोर्स म्हणजे "या बोर्डावर ही चिप उठवू शकते". उठवावं की नाही ही वापरणाऱ्याची मर्जी, आणि तिची जागा वेगळी आहे: सिस-एफएसमध्ये (कर्नल आपली सेटिंग फाइलींसारखी दाखवतो तिथे) त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमधली वेकअप नावाची फाइल. तिच्यात एनेबल्ड किंवा डिसेबल्ड लिहिलं की झालं. रात्री अकराला डिसेबल्ड, सकाळी पाचला एनेबल्ड. (शेवटी आम्ही तेही केलं नाही, मेसेजच सकाळपर्यंत थांबवला. टँकरवाला अडीचला कुठे फोन उचलतो!)

"गरज असेल तेव्हा उठवते", "डिफॉल्टने चालू ठेवावी" असली वाक्यं बाइंडिंगमध्ये लिहिलीत तर तपासणारे ती काढायला लावतात. अगदी बरोबर करतात.

पायरी ६: खरंच उठतं का ते बघा

डॉक्युमेंट लिहिणाऱ्याने टेस्ट कशाला करायची, असं वाटेल. मलाही वाटलं होतं; पुढचं तुम्ही वर वाचलंत.

आधी सिस-पॉवरमधली (म्हणजे सिसखालच्या पॉवर फोल्डरमधली) मेम_स्लीप फाइल वाचा. चौकटी कंसात जे आहे तो सध्याचा झोपेचा प्रकार. तिथे डीप असेल याची खात्री करा, नाहीतर आमच्यासारखी डुलकीवर परीक्षा होईल. मग आरटीसीवेक या कमांडने ६० सेकंदांचा गजर लावून झोपवा. गजर यासाठी, की तुमची तार चालली नाही तर बोर्ड निदान घड्याळाने तरी उठेल. ६० सेकंदांच्या आत चिपला हलवा. आमच्याकडे सेन्सर पाण्याच्या बादलीतून वर उचलतो, झालं.

उठल्यावर सिस-पॉवरमधल्या पीएम_वेकअप_आयआरक्यू या फाइलीत उठवणाऱ्या इंटरप्टचा नंबर मिळतो. तो प्रॉकखालच्या इंटरप्ट्स या यादीत शोधा आणि समोरचं नाव तुमच्याच तारेचं आहे ना ते बघा. बोर्ड उठला म्हणून नाचू नका. एकदा आमचा बोर्ड बरोब्बर उठला होता, पण माझी कोपरखळी पॉवर बटणाला लागल्यामुळे.

सस्पेंडमध्ये काय चाललंय ते दिसावं म्हणून नो_कन्सोल_सस्पेंड हा कर्नलचा पर्याय लावून बूट करतात. शोधाशोधीला चांगलं आहे, पण शेवटची टेस्ट त्याच्याशिवाय करा. कन्सोल जागा ठेवला की त्याच्यासोबत इतरही काही जागं राहू शकतं आणि निकाल फसवा येतो.

एनेबल_आयआरक्यू_वेक आणि डिसेबल_आयआरक्यू_वेक जोडीने चालतात. लॉगमध्ये "अनबॅलन्स्ड आयआरक्यू" असं काही दिसलं तर ड्रायव्हरवाल्याला सांगा, ते तुमचं काम नाही.

पायरी ७: तपासा आणि पाठवा

पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारी कमांड) डीटीस्कीमा टाकून घ्या. मग मेक डीटी_बाइंडिंग_चेक, आणि डीटी_स्कीमा_फाइल्समध्ये (हेही मोठ्या अक्षरांत) फक्त तुमच्या फाइलीचा पत्ता. सगळी बाइंडिंग तपासत बसलात तर जेवून याल. जुन्या बाइंडिंगमध्ये बदल केला असेल तर मेक डीटीबीएस_चेकही चालवा. ते खरे बोर्ड नव्या नियमाशी ताडून बघतं आणि तुम्ही कोणाची मोडतोड केलीय ते सांगतं.

बाइंडिंगचा पॅच (मेलने पाठवायचा बदल) वेगळा, ड्रायव्हरचा वेगळा, आणि मालिकेत बाइंडिंग आधी. विषयाची सुरुवात "डीटी-बाइंडिंग्ज" ने, मग सबसिस्टम. कोणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. डिव्हाइस ट्री बाइंडिंग पाहणाऱ्यांत रॉब हेरिंग, क्रिस्टॉफ कोझ्लोव्स्की, कॉनर डूली ही नावं दिसतील. उत्तरं दोन ओळींची येतात, गोडवा नसतो. मनाला लावून घेऊ नका. नव्या मुलांना पहिल्या उत्तराने रडू फुटलेलं पाहिलंय मी, आणि त्यात राग नव्हताच, फक्त वेळ नव्हता.

पॅचच्या संदेशात बदल काय केला यापेक्षा का केला ते लिहा: या चिपला दोन पिना आहेत, गाढ झोपेत पहिली मरते, दुसरी जिवंत राहते. हार्डवेअरमधलं हे एक वाक्य असेल तर "हे कशाला हवंय" हा पहिला प्रश्न येतच नाही. सुधारून पुन्हा पाठवताना विषयात व्ही-२ टाका, आणि काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली, म्हणजे ते इतिहासात चिकटत नाही. आणि कोणी विचारलं, "ही तार झोपेत वर कशी राहते?", तर कोडकडे धावू नका. मल्टिमीटर घ्या.